तमिळ वाघ तीन वर्षांत कसे संपले?

प्रश्न असा आहे: २००२ साली ज्या संघटनेशी श्रीलंका सरकारला बरोबरीच्या नात्याने युद्धबंदी करावी लागली, जिच्याकडे स्वतःचं आरमार, पोलीस, न्यायालयं आणि बँक होती, ती जुलै २००६ ते मे २००९ या जेमतेम तीन वर्षांत नामशेष कशी झाली? यात श्रेय राजपक्षे सरकारच्या फौजेचं किती आणि चुका वाघांचा प्रमुख प्रभाकरनच्या किती? आणि ज्या मागणीसाठी हे सगळं झालं, तिचं पुढे काय झालं?

एलटीटीई (तमिळ वाघांची संघटना) लढली जमिनीवर, पण जगली समुद्रावर. २००४ मध्ये तिचा माणसांचा पुरवठा अर्ध्याच्या आसपास आटला आणि २००७ मध्ये समुद्र बंद झाला. त्यानंतरचं दीड वर्ष ही उरलेला साठा संपेपर्यंतची लढाई होती. वाघांची राजधानी किलिनोच्ची पडली तेव्हा टीव्हीवर जो निकाल दिसला, तो खोल समुद्रात सव्वा वर्ष आधीच लागला होता. पण या दोन्ही गोष्टी अशाच घडू शकल्या, कारण संघटनेत प्रमुखाला ‘नाही’ म्हणणारं कोणी उरलेलं नव्हतं. ते का उरलं नव्हतं, हे समजायला सुरुवातीपासून पाहावं लागतं.

मुळं सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून भरभर सांगतो. १९५६ चा ‘फक्त सिंहली’ कायदा. मग तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी १९५७ मध्ये बंदारनायके यांनी आणि १९६५ मध्ये डडली सेनानायके यांनी केलेले करार, जे सिंहली विरोधापुढे गुंडाळले गेले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठ प्रवेशाचं ‘प्रमाणीकरण’ आलं. त्यामुळे वैद्यकीय आणि अभियांत्रिकीसाठी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला सिंहली विद्यार्थ्यापेक्षा जास्त गुण लागू लागले. जाफन्यात शिक्षण हीच इस्टेट होती आणि पहिल्या फळीतली पोरं याच पिढीतली. १४ मे १९७६ ला वड्डुकोड्डै इथल्या ठरावात संसदीय तमिळ पक्षांनीच स्वतंत्र ‘तमिळ ईळम’ची मागणी केली. म्हणजे फुटीरतेचं राजकारण वाघांनी आणलं नाही. त्यांनी ते बळकावलं.

वेलुपिल्लै प्रभाकरनचा जन्म १९५४ चा, गाव वल्वेट्टीथुराई. हे गाव नकाशावर पाहा: जाफना द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला, समोर पाल्कची सामुद्रधुनी आणि पलीकडे तमिळनाडूचा किनारा. इथले लोक पिढ्यान्‌पिढ्यांचे दर्यावर्दी. साड्या, सोनं, साबण असं काहीही रात्रीतून इकडचं तिकडे करण्यात वाकबगार. इतर गटांची पोरं विद्यापीठातल्या चर्चामंडळांतून आली, प्रभाकरनच्या गाभ्याला मात्र होड्या, भरती-ओहोटी आणि गस्ती चुकवणं उपजत ठाऊक होतं. जुलै १९७५ मध्ये त्याने जाफन्याचे महापौर आल्फ्रेड दुरैअप्पा यांची गोळ्या घालून हत्या केली. दुरैअप्पा तमिळच होते, हे लक्षात ठेवा. ५ मे १९७६ ला एलटीटीई स्थापन झाली.

१९८३ पर्यंत ही मूठभर माणसांची टोळी होती. १ जून १९८१ च्या पहाटेपर्यंत जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जळून खाक झालं. ९७ हजारांच्या आसपास पुस्तकं आणि ताडपत्रांची हस्तलिखितं गेली, आणि मवाळांची बाजू मांडणं अवघड झालं. २३ जुलै १९८३ ला जाफन्याजवळ तिरुनेलवेली इथे वाघांनी लष्करी तुकडीवर हल्ला करून १३ सैनिक मारले. त्यानंतर कोलंबोत आठवडाभर तमिळांची कत्तल झाली. मृतांचा सरकारी आकडा ४०० च्या आत, इतर अंदाज ३,००० पर्यंत. दंगलखोरांच्या हातात मतदारयाद्या असल्याचं तेव्हाच नोंदलं गेलं. ऑगस्टमध्ये घटनादुरुस्ती करून फुटीरतेचा पुरस्कार बेकायदा ठरवला गेला आणि तमिळ खासदारांनी जागा गमावल्या. संसदेचा रस्ता सरकारने स्वतःच बंद केला. त्यानंतर भरतीसाठी कोणाला घरोघर फिरावं लागलं नाही.

त्याच वर्षी इंदिरा गांधी सरकारने ‘रॉ’मार्फत तमिळ गटांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, डेहराडूनजवळ आणि तमिळनाडूतल्या छावण्यांत. हिशेब असा होता की पाच मोठे गट (टेलो, ईपीआरएलएफ, ईरॉस, प्लोट आणि एलटीटीई) हाताशी ठेवले तर एकही डोईजड होणार नाही आणि कोलंबोवर दबाव राहील. हिशेब चुकला, कारण तमिळनाडूचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी प्रभाकरनला वेगळी, दिल्लीला न विचारता, पैशांची मदत केली. आणि प्रभाकरनने उरलेले गट एकेक करून संपवले. १९८६ च्या एप्रिल-मेमध्ये टेलोची दाणादाण उडवून तिचा नेता श्री सबारत्नम याला ठार केलं. डिसेंबरमध्ये ईपीआरएलएफची पाळी. ज्यांना वाटतं की वाघ फक्त सिंहली सत्तेशी लढले, त्यांनी तमिळ नेत्यांच्या हत्यांची यादी काढून पाहावी. पद्मनाभ, अमृतलिंगम, नीलन तिरुचेल्वम, आणि तमिळ असून श्रीलंकेचे परराष्ट्रमंत्री झालेले लक्ष्मण कादिरगामर. वाटाघाटी करू शकणारी तमिळ माणसंच यात संपली.

भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेचा अध्याय भारतात फार भावनेने सांगितला जातो. गोष्ट साधी आहे. २९ जुलै १९८७ चा राजीव-जयवर्धने करार दोन सरकारांत झाला, शस्त्रं खाली ठेवायची मात्र तिसऱ्याने. प्रभाकरन तेव्हा दिल्लीच्या हॉटेलात जवळजवळ नजरकैदेत होता. परत आल्यावर त्याने थोडी जुनी हत्यारं जमा केली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने १७ वाघांना होडीतून पकडलं. कोलंबोला नेणार म्हणताच त्यांनी सायनाइड गिळलं, १२ मेले. त्यानंतर समेट संपला.

११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठावर हेलिकॉप्टरने सैनिक उतरवून प्रभाकरनला पकडायचा बेत होता. वाघांनी रेडिओ संदेश ऐकले होते, ते वाट पाहत बसले होते. शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान उतरले, त्यांतले २९ मारले गेले, एक कैदेत. नकाशे जुने, गुप्तवार्ता ‘रॉ’कडे आणि लढायचं लष्कराला. ज्यांना आपणच शिकवलं त्यांना आपण काबूत ठेवू, हा भ्रम तिथेच गळाला. २५ नोव्हेंबर १९८७ ला महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन एका घातपाती हल्ल्यात छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिले आणि पडले. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याला मिळालेलं परमवीरचक्र हे शांतिसेनेतलं एकमेव. चार डिव्हिजनपर्यंत वाढलेली ही फौज मार्च १९९० मध्ये परतली, सुमारे १,२०० जवान गमावून. आणि विनोद म्हणावा तर क्रूर: शेवटच्या काळात शांतिसेनेविरुद्ध वाघांना शस्त्रं पुरवत होते खुद्द श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा. १ मे १९९३ ला वाघांच्याच आत्मघाती हल्लेखोराने त्यांना मारलं.

त्याआधी २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूर झालं होतं. राजीव गांधींच्या हत्येचा भावनिक परिणाम सगळे सांगतात. मला महत्त्वाचा वाटतो तो रसदीचा. तोवर जखमी वाघ तमिळनाडूत उपचार घेत, डिझेल, औषधं, सुटे भाग तिथून येत. मे १९९२ मध्ये भारताने बंदी घातली आणि वीस-तीस मैलांवरचं हे परसदार बंद झालं. दुसरी कुठलीही संघटना इथे आक्रसली असती. वाघांनी त्याऐवजी जहाजं वाढवली.

हे यंत्र कसं चाले, ते नीट पाहू. पैसा यायचा १९८३ नंतर देशोधडीला लागलेल्या तमिळांकडून: टोरंटो, लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड, नॉर्वे. काही जण मनापासून देत, बऱ्याच जणांना गावातल्या नातेवाइकांची काळजी असे, म्हणून देत. त्यात व्यापार, मंदिरांचं उत्पन्न आणि मदतसंस्थांच्या नावाने गोळा केलेला निधी यांची भर. सगळं मिळून अभ्यासकांचे अंदाज वर्षाला २० ते ३० कोटी डॉलरपर्यंत जातात. खरेदीचं काम ‘केपी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुमारन पद्मनाथनच्या जाळ्याकडे. जहाजं परदेशी झेंड्याखाली नोंदलेली. एरवी लाकूड, साखर, सिमेंट असा सरळ माल वाहत आणि स्वतःचा खर्च भागवत, मधूनच एखादी फेरी शस्त्रांची. १९९७ मध्ये श्रीलंका सरकारने झिंबाब्वेकडून विकत घेतलेले ३२ हजारांवर उखळी तोफगोळे वाघांच्या जहाजाने मधल्यामध्ये पळवले. पैसे सरकारचे, माल वाघांचा.

शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक. मोठं जहाज किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर तरंगत्या गोदामासारखं थांबे. तिथून माल ट्रॉलरवर आणि किनाऱ्याजवळ ‘सी टायगर्स’च्या वेगवान होड्यांत, त्याही मुल्लैतिवूच्या किनाऱ्यावर, अंधाऱ्या रात्री. भोवती रक्षक होड्यांचा ताफा, त्यात एक-दोन स्फोटकं भरलेल्या आत्मघाती होड्या. श्रीलंकेच्या नौदलाने वर्षानुवर्षं हा शेवटचा टप्पाच तोडायचा प्रयत्न केला आणि मार खाल्ला, कारण किनाऱ्याजवळ वाघ संख्येने भारी पडत.

माणसांच्या बाबतीत शिस्त कडक होती. प्रत्येकाच्या गळ्यात सायनाइडची कुपी, दारू-सिगारेट बंद. प्रेम आणि लग्नही बंद, ते १९८४ मध्ये प्रभाकरनचं स्वतःचं लग्न ठरेपर्यंत. मग नियम बदलला. ५ जुलै १९८७ ला नेल्लियडीच्या लष्करी तळावर ‘कॅप्टन मिलर’ने स्फोटकांचा ट्रक घातला, तिथून ‘ब्लॅक टायगर्स’ ही आत्मघाती पथकं सुरू झाली. पण स्वेच्छेची भरती पुरेनाशी झाली तशी लहान मुलं उचलली जाऊ लागली, आणि शेवटी घरटी एक माणूस सक्तीने. ज्या जनतेसाठी लढा, तिच्याच दारात भरतीचं पथक उभं राहिलं की पोरांना लपवायला आईबाप विहिरी आणि खड्डे शोधतात. हे २००७-०८ मध्ये वन्नीत, म्हणजे जाफन्याच्या दक्षिणेला वाघांच्या ताब्यातल्या मुलखात, सर्रास झालं. ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतल्या ७० हजारांवर मुसलमानांना घरंदारं सोडून हाकलून देणं हीदेखील अशीच न भरून येणारी चूक. तमिळ बोलणारा एक अख्खा समाज कायमचा विरोधात गेला आणि पूर्वेत, जिथे मुसलमानांची संख्या मोठी, तिथे ते महागात पडलं.

सैनिकी शिखर १९९६ ते २००१. डिसेंबर १९९५ मध्ये जाफना शहर हातचं गेलं, पण जुलै १९९६ मध्ये मुल्लैतिवूचा तळ वाघांनी साफ केला, १,२०० च्या आसपास सैनिक मेले. तिथे मिळालेल्या दोन १२२ मिलिमीटर तोफांपासून त्यांचा तोफखाना सुरू झाला. जाफन्याकडे जाणारा रस्ता उघडायला लष्कराने १९९७-९८ मध्ये दीड वर्ष रक्त सांडून जो प्रदेश घेतला, तो नोव्हेंबर १९९९ मध्ये काही दिवसांत परत गेला. एप्रिल २००० मध्ये एलिफंट पासचा तळ पडला. जुलै २००१ मध्ये कटुनायके विमानतळावर १४ जणांच्या आत्मघाती पथकाने लष्करी आणि प्रवासी विमानांची राखरांगोळी केली आणि देशाची अर्थव्यवस्थाच हादरली. २२ फेब्रुवारी २००२ चा युद्धबंदी करार या धक्क्यातून आला. किलिनोच्चीत राजधानी, ए-९ रस्त्यावर वाघांचे जकातनाके. घड्याळसुद्धा वेगळं: कोलंबोने १९९६ मध्ये वेळ पुढे सरकवली ती वाघांनी मानली नाही, त्यांच्या मुलखात भारतीय वेळच चालू राहिली.

इथेच घात होता. गनिमी संघटनेला राखायला काही नसतं, म्हणून तिला पकडता येत नाही. राज्य झालं की राजधानी, कचेऱ्या, दवाखाने, धावपट्टी, काही लाख रयत आणि तीन-चार बाजूंनी सीमा सांभाळाव्या लागतात. सगळा हिशेब संख्येवर येतो. संख्येत वाघ कधीच बरोबरीचे नव्हते.

मार्च २००४ मध्ये पूर्वेचा सेनापती करुणा फुटला. तक्रार जुनी होती: मरायला पोरं बट्टिकलोआची आणि हुकूम जाफन्याच्या लोकांचा. त्याच्या हाताखाली पाच-सहा हजार लढवय्ये होते. प्रभाकरनने एप्रिलमध्ये बंड मोडलं. पण पूर्वेतून येणारी भरती थांबली, आणि करुणाची माणसं सरकारला ठिकाणं, वाटा, चेहरे दाखवू लागली. माझ्या मते अंताचा खरा आरंभ हाच.

दुसरी घोडचूक नोव्हेंबर २००५. अध्यक्षीय निवडणुकीत तमिळांनी मतदान करू नये असा दबाव वाघांनी आणला. जाफना जिल्ह्यात दीड टक्काही मतदान झालं नाही. २००२ ची युद्धबंदी करणारे रनिल विक्रमसिंघे सुमारे १ लाख ८१ हजार मतांनी हरले, महिंद राजपक्षे ५०.२९ टक्क्यांवर निवडून आले. रनिलची गोड बोलून जाळ्यात ओढणारी युद्धबंदी नको, उघड शत्रू बरा, असा विचार असावा. उघड शत्रू मिळाला. २००६ मध्ये कॅनडा आणि युरोपीय संघाने बंदी घातली, म्हणजे पैशांची वाटही अरुंद झाली. जुलै २००६ मध्ये वाघांनी पूर्वेतल्या माविल आरू बंधाऱ्याचे दरवाजे बंद करून हजारो शेतकरी कुटुंबांचं पाणी तोडलं आणि राजपक्षेंना हवं ते निमित्त दिलं. वर्षभरात पूर्व प्रांत हातातून गेला.

आता समुद्र. नौदलाने दोन गोष्टी बदलल्या. किनाऱ्याजवळ मोठ्या गस्ती नौकांऐवजी लहान, वेगवान होड्यांचे थवे उभे केले. वाघांचंच तंत्र, पण दहापट संख्येने. आणि खोल समुद्रात जाऊन तरंगती गोदामंच बुडवायची ठरवलं. त्यासाठी लागणाऱ्या फ्रिगेट त्यांच्याकडे नव्हत्या. ‘सयुरा’ ही भारतीय नौदलाची जुनी ‘शरयू’, ‘सागर’ ही भारतीय तटरक्षक दलाची ‘वराह’, ‘समुदुर’ ही अमेरिकी तटरक्षक दलाने दिलेली जुनी नौका. अशा वापरलेल्या बोटी, सोबत इंधन-पाणी पुरवायला जुनी व्यापारी जहाजं आणि भारत-अमेरिकेकडून मिळालेली माहिती. एवढ्यावर सप्टेंबर २००६ ते ऑक्टोबर २००७ या काळात आठ-दहा जहाजं बुडवली गेली. शेवटची तर ऑस्ट्रेलियाच्या दिशेला, श्रीलंकेपासून हजारो किलोमीटरवर. त्यांत तोफगोळे, विमानांचे सुटे भाग, होड्यांची इंजिनं होती. त्यानंतर वन्नीत मोठा माल जवळजवळ आलाच नाही. तोफ आहे पण रोज किती गोळे डागायचे ते मोजून, अशी स्थिती झाली. वाघांची विमानं (हलकी, प्रशिक्षणाची झ्लिन) मार्च २००७ पासून बॉम्ब टाकून बातम्यांत राहिली, युद्धावर त्यांचा परिणाम नगण्य.

जमिनीवर लष्करप्रमुख सरथ फोन्सेका यांनी फौज सव्वा लाखाच्या आसपासून दोन लाखांवर नेली. एका रस्त्याने मोठा स्तंभ पुढे रेटण्याची जुनी खोड सोडली. आठ-आठ जणांची प्रशिक्षित पथकं जंगलातून आत शिरत, खोलवर जाणारी गस्ती पथकं सेनापतींच्या गाड्या उडवत. एकाच वेळी अनेक आघाड्या: मन्नारच्या बाजूने ५७ आणि ५८ डिव्हिजन, वेलीओयाकडून ५९, उत्तरेकडून ५३ आणि ५५. वाघांची जुनी युक्ती, म्हणजे एका ठिकाणी सगळं बळ एकवटून प्रतिहल्ला, इथे चालेना, कारण एक बाजू उपसली की दुसरी उघडी पडे. त्यांनी मैलोन्‌मैल मातीचे बांध आणि खंदक घातले. पावसाळ्यात ते टिकले, पण बांधामागे उभं राहायला माणसं पुरली नाहीत. २ जानेवारी २००९ ला किलिनोच्ची, ९ ला एलिफंट पास, २५ ला मुल्लैतिवू. एप्रिलच्या सुरुवातीला आनंदपुरमच्या वेढ्यात तीपनसह अनुभवी सेनापतींची फळीच संपली.

त्यानंतरच्या सहा आठवड्यांना लढाई म्हणणं अवघड आहे. वाघांनी लोकांना सोबत ओढत नेलं आणि पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. लष्कराने स्वतः जाहीर केलेल्या ‘गोळीबारमुक्त क्षेत्रां’वर आणि दवाखान्यांवर तोफा डागल्या. आत ७० हजारच लोक आहेत असं सरकार सांगत होतं. नंतर पावणेतीन लाखांवर माणसं बाहेर आली आणि मेनिक फार्म या छावणीच्या काटेरी तारांत ठेवली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असं २०११ मध्ये म्हटलं. १९ मेला नंदिकडल खाडीकाठी प्रभाकरनचा मृतदेह दाखवला गेला.

मग श्रेय कोणाचं? फौज सुधारली नसती तर २००९ मध्ये अंत झाला नसता. पण करुणाला टिकवून, २००५ मध्ये तमिळांना मत देऊ देऊन आणि डिसेंबर २००२ मध्ये ऑस्लोत निघालेली संघराज्याची वाट धरून ठेवली असती, तर ती सुधारलेली फौज वापरायची वेळ आली असती का, याबद्दल मला शंका आहे. ऑस्लोतली वाट वाघांचे मुख्य वाटाघाटीकार बालसिंघम यांनी मान्य करत आणली होती. किलिनोच्चीत ती नाकारली गेली. असा निर्णय उलटवायला संघटनेत दुसरं पीठ नव्हतं आणि बाहेरचे टीकाकार १९८६ पासून संपवलेले होते. भारतानेही शेवटी हात आखडता ठेवला. तमिळनाडूत मतदान तोंडावर असताना २७ एप्रिलला मुख्यमंत्री करुणानिधी काही तास उपोषणाला बसले, श्रीलंकेने जड शस्त्रं थांबवल्याचं जाहीर केलं, आणि तोफा चालूच राहिल्या.

मागणीचं म्हणाल तर, १९८७ च्या करारातून आलेली तेरावी घटनादुरुस्ती आजही कागदावर आहे. उत्तर आणि पूर्व प्रांतांचं एकत्रीकरण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००६ मध्ये रद्द केलं. उत्तर प्रांतिक परिषदेची पहिली निवडणूक सप्टेंबर २०१३ मध्ये झाली, तमिळ आघाडीने ती मोठ्या बहुमताने जिंकली. जमीन आणि पोलीस हे दुरुस्तीत लिहिलेले अधिकार कोलंबोने दिले नाहीत. परिषदेची मुदत ऑक्टोबर २०१८ मध्ये संपली आणि नंतरची निवडणूक लांबतच गेली.